छोट्या रोबोसाठी मोटर ड्रायव्हर कोणता घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी आमच्याकडे पोरं जमतात. कुणी शाळेतलं, कुणी डिप्लोमाचं, कुणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं. नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली पिशवी टेबलावर उलटी होते: पिवळ्या बीओ मोटरी (छोट्या गाड्यांच्या स्वस्त गिअर मोटरी), रबरी चाकं, लाल रंगाचा ड्रायव्हर (बोर्ड आणि मोटर यांच्या मधलं सर्किट) आणि ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी. पुढच्या तासाभरात जे विचारलं जातं ते गेली काही वर्षं फारसं बदललेलं नाही. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो आहे.

मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला जोडली तर काय बिघडतं?

पिन बिघडते. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत, ४० ही शेवटची हद्द. रास्पबेरी पायची पिन तर १६ मिलिअँपिअरचीच. साधी बीओ मोटर चाक हवेत असतानाही दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खाते आणि अडली की एक अँपिअरच्या वर जाते. पिनने फक्त हुकूम द्यायचा, ओझं ड्रायव्हरने उचलायचं.

दुसरं कारण दिशेचं. मोटर उलटी फिरवायची तर तिच्या दोन टोकांची अदलाबदल करावी लागते. ड्रायव्हरच्या पोटात एच-ब्रिज असतो, म्हणजे चार स्विच. तिरपे समोरासमोरचे दोन चालू केले की मोटर एकीकडे फिरते, उरलेले दोन केले की दुसरीकडे. तिसरं म्हणजे, मोटर बंद होताना तिची गुंडाळी उलटा झटका मारते. तो झटका डायोडच्या वाटेने जिरवावा लागतो, नाहीतर तो तुमच्या बोर्डात जिरतो.

फार खोलात जायचं नाही. एका ओळीत सांगा, कोणता घेऊ?

दोन बीओ किंवा एन-२० (त्याहून बारक्या गिअर मोटरी) आणि १२ व्होल्टपर्यंतची बॅटरी असेल तर टीबी६६१२. बाकीचं पान न वाचता दुकानात गेलात तरी चालेल. पण पुढचा प्रश्न तरी वाचा.

माझी मोटर किती करंट घेते हे मला कसं कळणार? डब्यावर तर फक्त आरपीएम लिहिलंय.

खरं घोडं इथेच अडतं. दुकानात आरपीएम विचारतात, व्होल्ट विचारतात, करंट कुणी विचारत नाही. आणि ड्रायव्हर जळतो तो करंटने.

मोटरीचे तीन करंट असतात. चाक हवेत असतानाचा, जमिनीवर चालतानाचा आणि चाक पूर्ण अडकल्यावरचा. शेवटच्याला स्टॉल करंट म्हणतात आणि निवड त्याच्यावर करायची. तुम्ही म्हणाल, माझी गाडी कुठे अडकते? प्रत्येक वेळी सुरू होताना क्षणभर मोटर थांबलेलीच असते, म्हणजे तेवढा वेळ ती स्टॉलचाच करंट ओढते. पुढे धावणारी गाडी एकदम मागे घेतली तर त्याहूनही जास्त. शिवाय सतरंजीची झालर चाकात गुंतते, गाडी सोफ्याखाली शिरते, धाकटा भाऊ चाक धरून बसतो.

मोजायचं कसं? मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि मोटरीच्या दोन टोकांना लावा. दांडा हाताने थोडा थोडा फिरवत पाच-सहा वेळा वाचन घ्या, कारण आतले ब्रश कुठे टेकलेत त्याप्रमाणे आकडा नाचतो. सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. समजा ४ ओहम आला आणि बॅटरी ६ व्होल्टची आहे, तर ६ भागिले ४, म्हणजे दीड अँपिअर. झाला तुमचा स्टॉल करंट. मीटरच्या वायरींचाही थोडा रोध असतो. आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून तो बघून घ्या आणि वजा करा.

थेट मोजायचं असेल तर लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मोटर बॅटरीला जोडा, चाक मुठीत धरा आणि दोन सेकंदांत आकडा वाचून सोडा. आणि हो, मोजून झाल्यावर लाल वायर परत जागेवर! ती १० अँपिअरच्या भोकात विसरून त्याच मीटरने बॅटरीचं व्होल्टेज बघायला जाणं म्हणजे बॅटरी सरळ शॉर्ट करणं. आमच्याकडच्या एका मीटरच्या टोकावर त्याची काळी खूण अजून आहे. ती माझ्याच हातची.

दुकानदार म्हणाला, «एल२९८ घेऊन जा भाऊ, दोन अँपिअरचा आहे, सगळे तोच नेतात.» मग तुम्ही नाक का मुरडता?

दुकानदार खोटं बोलत नाही. एल२९८एन खरोखर एका चॅनेलला, म्हणजे एका मोटरीच्या वाटेला, २ अँपिअरचा आहे आणि ४६ व्होल्टपर्यंत चालतो. काटक आहे. चूक आपली होते, कारण आपण त्याला छोट्या बॅटरीवर जुंपतो.

त्याच्या आत जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. मोटरीकडे जाताना एक आणि परत येताना एक, अशा दोन ट्रान्झिस्टरमधून करंट जातो आणि दोघेही आपापली दस्तुरी कापून घेतात. डेटाशीट, म्हणजे चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक, सांगते की १ अँपिअरला ही कपात एकूण १.८ ते ३.२ व्होल्ट असते आणि २ अँपिअरला ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. आता हिशेब करा. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट, त्यातले दोन-अडीच वाटेतच गेले. मोटरीच्या हाती उरले साडेतीन-चार. गाडी रांगते, पोरगं म्हणतं मोटर खराब आहे, आणि पुन्हा बर्डीची चक्कर होते.

हे मी सांगून पटत नाही, म्हणून टेबलावर दाखवतो. मीटरचं एक टोक ड्रायव्हरच्या बॅटरीच्या स्क्रूवर, दुसरं ग्राउंडवर: एक आकडा. मग तीच दोन टोकं मोटरीच्या स्क्रूंवर, चाक चिमटीत हलकं दाबून: दुसरा आकडा. दोन्ही पाटीवर एकाखाली एक लिहायचे आणि वजाबाकी करायची. मग हिटसिंकला, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, बोट लावायचं. ती वजाबाकी गेली कुठे, हे बोटाला कळतं.

एल२९८ च्या लाल मॉड्यूलवर आणखी एक गंमत असते. त्यावरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर ७८०५ च्या जातीचा. त्याला स्वतःला ५ व्होल्ट काढायला सातेक व्होल्ट आत लागतात. ६ व्होल्टच्या बॅटरीवर तो चारच्या आसपास देतो आणि चिपच्या डोक्याला (हुकूम वाचणाऱ्या लॉजिकच्या भागाला) किमान साडेचार हवेत. मग मॉड्यूल कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. अशा वेळी ५ व्होल्टचा जंपर (दोन पिनांवरची छोटी टोपी) काढायचा आणि आर्डुइनोचे ५ व्होल्ट तिथल्या स्क्रूला द्यायचे. बॅटरी १२ व्होल्टच्या वर असेल तेव्हाही हा जंपर काढायचाच, नाहीतर रेग्युलेटर भाजतो.

मग घरात पडलेला एल२९८ टाकून देऊ?

अजिबात नको. १२ व्होल्टची बॅटरी आणि १२ व्होल्टच्या मध्यम गिअर मोटरी असतील तर त्यातले दोन व्होल्ट गेल्याचं फार दुःख होत नाही. आणखी एक जागा आहे जिथे तो चक्क सोयीचा पडतो. दोन १८६५० (गोल लिथियम) सेल भरलेले असताना ८.४ व्होल्ट देतात आणि बीओ मोटरला ६ पुरतात. मधले दोन व्होल्ट एल२९८ ने खाल्ले तर मोटरीचं भलंच होतं. ही पळवाट आहे, पण चालते.

कॉलेजच्या लॅबमध्ये एल२९३डी आहे. तो चालेल?

शिकायला उत्तम. सोळा पायांचा, ब्रेडबोर्डवर सरळ बसतो, डायोड आतच असतात. पण एका चॅनेलला ६०० मिलिअँपिअर सतत आणि क्षणभर १.२ अँपिअर, एवढीच त्याची ताकद. कपात जवळजवळ एल२९८ सारखीच.

खरेदी करताना नावातला शेवटचा «डी» बघा. नुसत्या एल२९३ मध्ये डायोड नसतात, ते बाहेरून लावावे लागतात. आणि ४, ५, १२, १३ हे मधले चार पाय नुसते ग्राउंड नाहीत. चिपची उष्णता त्यांच्यातूनच बाहेर पडते, म्हणून पीसीबीवर त्यांना तांब्याचा रुंद पट्टा द्यायचा असतो. ब्रेडबोर्डवर तो पट्टा नसतो, तिथे चिप लवकर तापते.

एका चिपच्या पाठीवर दुसरी चिप बसवून पायाला पाय डाग देण्याचा जुगाड पोरं करतात. चालतो. पण तेवढ्या वेळात टीबी६६१२ लावून होतो.

टीबी६६१२ आणि डीआरव्ही८८३३ यांत फरक काय?

दोन्हींत मॉसफेट, म्हणजे नव्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर, आहेत, त्यामुळे कपात नगण्य. टीबी६६१२ चा वरचा आणि खालचा मिळून रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. १ अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, बस्स. एल२९८ च्या तुलनेत ही चैन आहे, आणि किमतीतला फरक दोन प्लेट तर्री-पोह्यांपेक्षा जास्त नसतो.

निवड बॅटरीवर ठरते. डीआरव्ही८८३३ ला २.७ ते १०.८ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन लिथियम सेल ठीक, तीन नाही. टीबी६६१२ १३.५ व्होल्टपर्यंत जातो, त्यामुळे तीन सेलचे भरलेले १२.६ व्होल्ट त्यात बसतात. चार सेल लावाल तर धूर. करंटमध्ये टीबी६६१२ सतत १.२ आणि क्षणभर ३.२ अँपिअर, डीआरव्ही८८३३ सतत १.५ आणि वर २ अँपिअर. एकच सेल असलेल्या इवल्याशा गाडीला मी डीआरव्ही८८३३ लावतो, बाकी सगळीकडे टीबी६६१२.

दोघांचीही एक खोड सारखीच. टीबी६६१२ ला स्टँडबाय नावाची पिन असते आणि डीआरव्ही८८३३ ला स्लीप. ती वर ओढली नाही, म्हणजे लॉजिकच्या व्होल्टला जोडली नाही, तर ड्रायव्हर झोपलेलाच राहतो. «नवा आणला, चालतच नाही» असं म्हणत आलेल्या दर दोघांपैकी एकाची हीच पिन मोकळी असते.

उन्हाळ्यात गाडी पाच मिनिटं चालून थांबते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. संध्याकाळी मात्र धडधाकट. भुताटकी आहे का?

भुताटकी नाही, नवतपा आहे, मे अखेरचे रणरणते नऊ दिवस.

या ड्रायव्हरांच्या आत तापमानाचा पहारेकरी असतो. चिप फार तापली की तो सगळं बंद करतो, निवली की पुन्हा सोडतो. एल२९३डी, एल२९८, टीबी६६१२, डीआरव्ही८८३३, सगळ्यांत ही सोय आहे. आता गणित बघा. चिपची आतली हद्द साधारण १५० अंश. डेटाशीटमधले गोड आकडे बहुतेक २५ अंशांच्या खोलीतले असतात, म्हणजे तापायला १२५ अंशांची मोकळीक. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ ला टेकतो. मोकळीक उरली १०५. कागदावरची क्षमता इथेच सोळा टक्क्यांनी घसरली. त्यातून स्पर्धा टिनाच्या शेडमध्ये असेल आणि गाडी काळ्या ॲक्रिलिकच्या बंद डब्यात, तर हवा ४५ पेक्षाही गरम असते.

म्हणून नागपुरात माझा नेम असा: स्टॉल करंट ड्रायव्हरच्या क्षणिक हद्दीच्या आत हवा आणि जमिनीवर चालतानाचा करंट सततच्या हद्दीच्या निम्म्यापर्यंतच. पुण्याच्या पोरांना हे अति वाटेल. वाटू द्या.

उपाय सोपे आहेत. कमी कपातीचा ड्रायव्हर घ्या, चिपवर चिकटणारा छोटा हिटसिंक लावा, झाकणाला भोकं पाडा. गाडी कूलरच्या झोतासमोर ठेवून दोन फेऱ्यांच्या मध्ये गार करायलाही हरकत नाही. फक्त पाण्याचे तुषार उडणाऱ्या बाजूला ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांचा वास छान येतो, सर्किटला तो मानवत नाही.

याच ओघात सांगतो: बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. दुपारी गच्चीवरच्या खोलीत चार्जर लावून झोपू नका. चार्जिंग रात्री किंवा पहाटे, डोळ्यांसमोर.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी का नको? व्होल्ट तर जास्त आहेत.

व्होल्ट आहेत, दम नाही. तिचा आतला रोध जास्त असतो. स्वस्तातल्या झिंक-कार्बनच्या बॅटरीवर मोटर लावताच नऊचे चार-पाच होतात. ती स्मोक अलार्मला आणि मल्टिमीटरला ठेवा. गाडीला दोन १८६५० किंवा चांगले चार-सहा रिचार्जेबल पेन्सिल सेल लावा. लिथियम सेल दर सेलला ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका.

मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट होतो.

बॅटरी एकच आहे आणि मोटरीने घोट घेतला की सगळ्यांचंच व्होल्टेज बसतं. ड्रायव्हरच्या बॅटरीच्या टोकांजवळ, अगदी जवळ, १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. मोटरीच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर डाग द्या, त्याने ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट कमी होतो. एवढ्याने भागलं नाही तर बोर्डाला वेगळी बॅटरी द्या.

वेगळी बॅटरी दिली की हमखास होणारी चूक: दोन्ही बॅटरींचे ग्राउंड एकमेकांना जोडायचे राहतात. ग्राउंड एक नसेल तर ड्रायव्हरला आर्डुइनोचा हुकूम कळणार कसा? मोटरी मग मनाला येईल तसं करतात.

ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट ड्रायव्हरला पुरतात का?

ईएसपी३२ हा आर्डुइनोसारखाच बोर्ड, पण ३.३ व्होल्टचा. एल२९३डी आणि एल२९८ ला पुरतात, ते २.३ व्होल्टला «चालू» धरतात. टीबी६६१२ मध्ये मात्र मेख आहे. तो आपल्या लॉजिक पुरवठ्याच्या सत्तर टक्क्यांना «चालू» मानतो. लॉजिकला ५ व्होल्ट दिलेत तर त्याला ३.५ हवेत आणि ईएसपी३२ देणार ३.३. कधी चालेल, कधी नाही, आणि तुम्ही कोड तपासत रात्र काढाल. त्याच्या लॉजिकच्या पिनला ३.३ व्होल्टच द्या.

हळू चालवताना मोटर चिंचिं आवाज करते.

उनोचा पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी करणारा चालू-बंद सिग्नल, बहुतेक पिनांवर सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद होतो, ५ आणि ६ नंबरवर ९८० वेळा. तोच ऐकू येतो. मॉसफेटच्या ड्रायव्हरला २० हजारांवर नेलंत तर आवाज कानाच्या पलीकडे जातो. एल२९८ ला एवढं पळवू नका, त्याचे ट्रान्झिस्टर सुस्त असतात आणि उगाच तापतात. खरं तर त्या आवाजाने काही बिघडत नाही. आईची झोप मोडते, एवढंच.

गाडी रेषेच्या पुढे घसरत जाते. ब्रेक कसा लावू?

मोटर थांबवण्याचे दोन प्रकार आहेत: सोडून देणं आणि आवळणं. टीबी६६१२ आणि डीआरव्ही८८३३ मध्ये दोन्ही इनपुट वर केले की मोटरीची टोकं आतून एकमेकांना जोडली जातात आणि ती जागीच आवळते. दोन्ही खाली केले की मोकळी सुटते. एल२९८ मध्ये इनेबल वर ठेवून दोन्ही इनपुट सारखे केले की ब्रेक, इनेबल खाली केलं की मोकळी. लाइन फॉलोअरसाठी वळणावर हा फरक फार जाणवतो.

जॉन्सन मोटरींची मोठी गाडी करायची आहे. टीबी६६१२ चालेल?

नाही. जॉन्सन म्हणजे जास्त ताकदीच्या, मोठ्या गिअर मोटरी. १२ व्होल्टच्या अशा मोटरीचा रोध २ ओहम मोजलात तर स्टॉल करंट झाला ६ अँपिअर. इथे बीटीएस७९६० चं मॉड्यूल घ्या. जाहिरातीत त्यावर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तो चिपने स्वतःला वाचवण्यासाठी आखलेल्या हद्दीचा आकडा आहे. एवढ्याशा हिटसिंकवर आणि त्या पातळ स्क्रू-टर्मिनलमधून तेवढा करंट सतत नेता येत नाही. एका मॉड्यूलवर एकच मोटर चालते, म्हणजे दोन मोटरींना दोन मॉड्यूल. दोन्ही इनेबल पिना ५ व्होल्टला जोडा आणि बॅटरीच्या वायरीत फ्यूज घाला. फ्यूजशिवाय मी अशा गाडीजवळ उभा राहत नाही.

एल२९८ चे दोन चॅनेल एकत्र करून एक मोटर चालवता येते का, असंही विचारतात. येते. पण डेटाशीटप्रमाणे पहिल्याला चौथा आणि दुसऱ्याला तिसरा जोडायचा, शेजारचे दोन नाही.

सर्व्हो आणि स्टेपरला हेच ड्रायव्हर लावू?

सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या सर्व्होच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर असतो. त्याला फक्त चांगले ५ व्होल्ट आणि सिग्नल द्या. स्टेपर म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर. २८बीवायजे-४८ हा छोटा स्टेपर यूएलएन२००३ वर चालतो. नेमा-१७ सारख्याला ए४९८८ लावा आणि करंटची हद्द ठरवणारा त्यावरचा स्क्रू आधी नीट फिरवून घ्या.

स्वतःच मॉसफेट आणून एच-ब्रिज बनवू का?

शिकायला बनवा, स्पर्धेला नेऊ नका. एकाच बाजूचे वरचे-खालचे स्विच क्षणभर एकत्र चालू झाले की बॅटरी शॉर्ट, आणि मॉसफेट फुटल्याचा आवाज शेजाऱ्यापर्यंत जातो. एकाच दिशेने फिरणारी मोटर असेल तर एक मॉसफेट आणि एक डायोड पुरतो. तिथे आयआरएलझेड४४एन मागा. दुकानात आयआरएफझेड४४एन हातात पडतो. दिसायला तोच, पण त्याचं गेट पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापत बसतो.

ड्रायव्हर जळालाय की नाही हे कसं ओळखू?

आधी नाक, मग डोळे. चिपच्या पाठीवर बारीकशी पुटकुळी किंवा भोक दिसलं तर विषय संपला. काही दिसत नसेल तर बॅटरी काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि मोटरीच्या प्रत्येक आउटपुटवरून एकदा ग्राउंडकडे आणि एकदा बॅटरीच्या धन टोकाकडे तपासा. मोटर काढलेली हवी. कुठेही सलग बीप आली तर तो अर्धा ब्रिज गेला. नवा बोर्ड आणल्यावरही हीच तपासणी आधी करा, दुकानाची पावती खिशात आहे तोवर.

मग गाडी काडेपेटीवर उचलून ठेवा, चाकं हवेत, आणि अंगठा चिपवर. दोन मिनिटांनीही अंगठा निवांत टिकत असेल तर जमिनीवर सोडा. तीन सेकंदांत चटका बसून उचलावा लागला तर वर जाऊन तिसरा प्रश्न पुन्हा वाचा.

आणि जळालेला ड्रायव्हर चांगल्यांच्या डब्यात परत टाकू नका, त्यावर मार्करने फुली मारा. आमच्या डब्यात फुली नसलेला एक एल२९३डी कुठेतरी आहे. वर्षभरात तो तीन वेगवेगळ्या पोरांच्या ब्रेडबोर्डवर जाऊन आला आणि तिघांनीही आपल्या कोडला दोष देऊन तो पुन्हा लिहिला.